टेस्ट किट परत मागवलं तर काय करायचं, आणि मुळात घेतानाच काय बघायचं

पोळा झाला की आपल्याकडं तापाचे पेशंट वाढायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग किट विकणारे पण. डेंगूचं कार्ड, मलेरियाचं, चिकुनगुनियाचं, सगळं एका बॅगेत घेऊन माणूस काउंटरवर येतो आणि म्हणतो, घ्या हो सर, सगळा तालुका हेच वापरायलाय. रेट ऐकला की हात पुढं जातोच. म्हणून हे लिहायलोय, छोट्या लॅबवाल्यांसाठी, मेडिकलवाल्यांसाठी, आणि घरबसल्या ऑनलाइन किट मागवणाऱ्यांसाठी पण. एक गोष्ट आधीच सांगतो, किट परत मागवलं ही खबर आपोआप आपल्या दारात येईल ह्या भरवशावर राहू नका. कंपनी डिस्ट्रिब्युटरला कळवते, तो पुढच्याला, आणि गावापर्यंत येईस्तोवर निम्मी कार्डं वापरून रिपोर्ट लोकांच्या खिशात गेलेले असतात.

तर पहिलं काम म्हणजे डबा वाचणं. भारतात हे सगळं मेडिकल डिव्हाइस रूल्स 2017 खाली येतं, 1 जानेवारी 2018 पासून लागू आहेत. जोखमीप्रमाणं ए, बी, सी, डी असे चार क्लास, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी ची किट डी मध्ये म्हणजे सगळ्यात वरच्या जोखमीत, मलेरिया डेंगू सी मध्ये. सी आणि डी चा परवाना जिल्ह्यातून किंवा मुंबईतून मिळत नाही, तो दिल्लीहून केंद्राच्या औषध नियंत्रकाकडून येतो, म्हणजे सीडीएससीओ. देशात बनलेल्या किटला एमडी-9 ह्या फॉर्मवरचा परवाना (दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेतलं असेल तर एमडी-10), बाहेरून आलेल्याला एमडी-15. डब्यावर परवाना नंबर छापलेला पाहिजे, बऱ्याचदा तो एमएफजी किंवा आयएमपी, मग आयव्हीडी, मग वर्ष असा असतो. बाहेरचं किट असेल तर भारतातल्या आयात करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता पण हवा. लॉट नंबर (म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर), बनवल्याची तारीख, एक्सपायरी, किती तापमानात ठेवायचं, हे तर हवंच हवं. डबा आणि आतल्या पाकिटावरचा लॉट जुळतो का ते पण बघा, दोन वेगवेगळे निघाले तर तिथंच परत द्या.

आता फसवणारे शिक्के. सीई लिहिलंय म्हणजे ते युरोपचं झालं, आपल्या परवान्याशी त्याचा संबंध नाही. आयएसओ 13485 म्हणजे कारखान्याची कामाची पद्धत तपासली, ह्या किटला मंजुरी दिली असं नाही. "एफडीए रजिस्टर्ड" हे तर सगळ्यात मस्त, अमेरिकेत नुसती नावनोंदणी केली तरी लोक ते डब्यावर मिरवतात, मंजुरी वेगळी असते बाबा. "फक्त संशोधनासाठी" किंवा "फक्त निर्यातीसाठी" असं बारीक अक्षरात असेल तर ते पेशंटवर वापरायचंच नाही, कितीही स्वस्त असो. आणि सप्लायरनं एमडी-13 किंवा एमडी-17 चा कागद दाखवला तर तो नुसत्या चाचणीपुरता बनवायचा किंवा आणायचा परवाना आहे, विकायचा नाही.

नाव ओळखीचं आहे म्हणून पण बिनधास्त होऊ नका. अमेरिकेत 2022 च्या जानेवारीत एकॉन कंपनीच्या फ्लोफ्लेक्स कोविड टेस्टचं असंच झालं, पांढऱ्या डब्यातलं किट तिथं मंजूर होतं आणि गडद निळ्या डब्यातलं नव्हतं, कंपनी एकच, नाव जवळजवळ एकच, आणि निळा डबा परत मागवावा लागला कारण तो त्या देशात विकायची परवानगीच नव्हती. इथं बरेच जण म्हणतात, किट तर बरोबर चालतंय, रेघा छान येतात. अहो पण विनामंजुरी म्हणजे ते खोटंच आहे असं नाही, ते खरं आहे का खोटं हे कुणी तपासलेलंच नाही असा त्याचा अर्थ. आणि कार्डावरची सी ची, म्हणजे कंट्रोलची रेघ दाखवून कुणी पटवायला लागला तर ऐकू नका. मोटारीचा लाल दिवा लागला म्हणजे विहिरीत पाणी आहे असं नसतं ना, तसंच ते. सी ची रेघ एवढंच सांगते की थेंब पट्टीवरून पुढं सरकला.

उलट बाजू पण आहे, परवाना असलेलं किट पण परत जाऊ शकतं. 2020 च्या एप्रिलमध्ये दोन चिनी कंपन्यांची कोविड अँटिबॉडी रॅपिड किट राज्यांना वाटली होती, राजस्थाननं सांगितलं की अचूकता 5.4 टक्केच येतेय, आणि 27 एप्रिलला आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, सगळ्या राज्यांना ती वापरणं थांबवून परत द्यायला सांगितलं. आणि काही टेस्ट तर पूर्ण बंदच आहेत, रक्तातून टीबीचं निदान करणाऱ्या आयजीजी-आयजीएम म्हणजे अँटिबॉडीच्या टेस्टवर केंद्रानं जून 2012 मध्येच बंदी घातलीय, बनवायला, आणायला, विकायला सगळ्यालाच. तरी कुणी टीबीचं रक्ताचं कार्ड घेऊन आला तर त्याला चहा पण पाजू नका. थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट टेस्ट सरकारी दवाखान्यात फुकट होते.

घेताना पक्कं बिल घ्या, बिलावर लॉट आणि एक्सपायरी पाहिजे. विकणाऱ्याकडं ड्रग लायसन्स किंवा एमडी-42 ची (मेडिकल डिव्हाइस विकायची) नोंदणी आहे का ते विचारा, लाजायचं काय त्यात. व्हॉट्सॲपवर ऑर्डर आणि कच्च्या चिठ्ठीवर माल असला धंदा ज्याचा, त्याला उद्या किट परत करायला गेलं तर तो तुम्हाला ओळखणार पण नाही.

आणि आता ह्या सगळ्यातलं सगळ्यात कामाचं, रजिस्टर. पेशंटच्या नावापुढं कोणतं किट आणि कोणता लॉट हे लिहायचं, सॉफ्टवेअर असेल तर तिथं एक रकाना वाढवून घ्या, नसेल तर शंभर पानी वही चालते. नवा डबा फोडला की तारीख टाकून पानावर आडवी रेघ मारा, हा लॉट इथून सुरू, एवढं केलं तरी पुष्कळ. कारण किट परत करणं सोपं असतं हो, खोका बांधला आणि दिला पाठवून, रिपोर्ट परत बोलावणं अवघड. आपल्याकडं तर अजून एक भानगड, बीड, धारूर, केज, पाटोदा ह्या भागातला माणूस दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघून जातो, कारखाना कोणता ते घरच्यांनाच नीट माहीत नसतं, फोन बंद. म्हणून मोबाईल नंबर घेताना गावात राहणाऱ्या कुणाचा तरी, आईचा म्हणा, भावाचा म्हणा, दुसरा नंबर घेऊन ठेवा.

समजा कळलं की अमुक लॉट परत मागवलाय. बातमी मोबाईलवर फिरत आलेली असेल तर आधी सीडीएससीओच्या वेबसाइटवर किंवा कंपनीच्या पत्रात लॉट नंबर जुळवा, पण जुळवणी होईस्तोवर वापर थांबवा, त्यात नुकसान काही नाही. फ्रीजमधली, ड्रॉवरमधली, कलेक्शन सेंटरला दिलेली सगळी कार्डं एका खोक्यात गोळा करा, वर मोठ्या अक्षरात "वापरू नये" लिहा, मोजा, फोटो काढा. फेकू नका आणि जाळू तर अजिबात नका. सप्लायरला लेखी कळवा, व्हॉट्सॲप नको, ईमेल किंवा पोच घेतलेलं पत्र, आणि माल दिल्यावर क्रेडिट नोट घ्या. अर्धवट वापरलेल्या डब्याचा बफर (पट्टीवर थेंब टाकायचं द्रव) दुसऱ्या डब्यात मिसळायची सवय कुणाला असेल तर ती आजच बंद करा.

मग पेशंट. सगळ्यांना एकदम फोन करून गाव घाबरवू नका, आधी ज्या डॉक्टरनं टेस्ट लिहिली त्यांना यादी द्या आणि कुणाला बोलवायचं ते त्यांच्यासोबत ठरवा. माझ्या मते पहिला नंबर हिपॅटायटिस बी ची टेस्ट झालेल्या गरोदर बायांचा, कारण आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला 24 तासांच्या आत लसीसोबत इम्युनोग्लोबुलिनचं इंजेक्शन पण लागतं, तिथं चुकीचा निगेटिव्ह परवडत नाही. मग एचआयव्ही, पॉझिटिव्ह निगेटिव्ह दोन्ही. त्यांना ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीला (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्र) पाठवा, तिथं मोफत होते आणि एका कार्डावर पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, तीन वेगवेगळ्या टेस्ट करतात. पण फोनवर घरातल्या दुसऱ्या कुणाला एचआयव्ही हा शब्द सुद्धा काढायचा नाही, 2017 च्या कायद्यानं ती माहिती गुप्त ठेवावी लागते. "रिपोर्टचं काम आहे, त्यांनाच पाठवा" एवढंच बोला. मलेरिया निगेटिव्ह सांगितला आणि ताप अजून आहे तर आजच रक्ताचा लेप (काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात ती तपासणी) करा, पीएचसीत फुकट होतो. डेंगूचं थोडं वेगळं, माणूस बरा होऊन रानात कामाला लागला असेल तर पुन्हा टेस्ट करून त्याला काही मिळत नाही, ताप चालू असेल तरच पाठवा, पहिल्या पाच दिवसांत एनएस1 एलायझा (कार्डावर नाही, लॅबमध्ये मशीनवर होणारी टेस्ट), नंतर आयजीएम एलायझा. कार्डावरचा डेंगू तसाही सरकारी हिशोबात पक्का धरत नाहीत.

घरी ऑनलाइन किट मागवणाऱ्यांनी डबा आणि बिलाचा फोटो ठेवायचा, त्या रिपोर्टवर औषध चालू किंवा बंद करायचं नाही, आणि पैशाचं भांडण असेल तर 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनला लावायचा.

तक्रार कुठं करायची? जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनात सहायक आयुक्त (औषधे) असतात, तिथं लेखी द्या, टोल फ्री 1800-222-365. चुकीच्या रिपोर्टमुळं पेशंटला त्रास झाला असेल तर 1800-180-3024 ह्या दुष्परिणाम नोंदवायच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर पण कळवा. तक्रारीत लॉट, बिल, किती कार्डं वापरली, कोणत्या टेस्टशी जुळलं नाही, आणि किट कसं ठेवलं होतं ते खरं खरं लिहा, कारण बऱ्याच किटांवर 2 ते 30 डिग्री छापलेलं असतं आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, पार्सल पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलं असेल तर दोष किटचा का उन्हाचा हे कंपनी पहिलं विचारणार. आणि सगळा माल परत देऊन मोकळं होऊ नका, त्या लॉटची थोडी न फोडलेली पाकिटं औषध निरीक्षक येऊन जाईपर्यंत सील करून ठेवा, नमुना तपासायला पाठवायचा म्हटलं तर तीच लागतात.