टेक्स्ट-ओन्ली ग्रूपात फोटो दाखवायचाय? मग आधी हे वाचा

नव्या मेंबरचा चांगला मुद्देसूद प्रश्न येतो, शेवटी "फोटो जोडलाय, बघा" असं लिहिलेलं असतं आणि फोटो कुठेच नसतो. ग्रूप ईमेलवरचा किंवा यूजनेटवरचा (नेटवरची जुनी चर्चागटांची सोय) आणि टेक्स्ट-ओन्ली, म्हणजे फक्त अक्षरं घेणारा असतो, सर्व्हरने फोटो परस्पर काढून टाकलेला असतो आणि बिचाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. मग दोघंतिघं विचारतात कुठाय फोटो, तो परत पाठवतो, परत गायब, तिसऱ्या वेळी कोणीतरी जुनाजाणता खेकसतो आणि मूळ प्रश्न राहतो बाजूलाच. एकदा तो बिचारा मीच होतो, म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाका, हा जुन्या लोकांचा हट्ट वगैरे नाही. ईमेल काय आणि यूजनेट काय, दोन्ही मुळात अक्षरं पाठवायला बनलेल्या गोष्टी. यूजनेटची कल्पना १९७९ ची, ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांची, तेव्हा मेसेज फोनच्या लाइनवरून मॉडेमने जायचे. तिथून फोटो पाठवायचा तर त्याची अक्षरं करावी लागतात, आणि ईमेलमध्ये आजही आतून तेच चालतं, बेस६४ म्हणून पद्धत आहे, त्यात तीन बाइटची चार अक्षरं होतात म्हणजे फाइल तिथेच एक तृतीयांशाने फुगली. मोबाइलचा ४ एमबीचा साधा फोटो घ्या, ७६ अक्षरांची एक ओळ धरली तर त्याच्या साधारण ७०,००० ओळी होतात. तुमचा प्रश्न आठ ओळींचा! ज्याचा प्रोग्रॅम फोटो उलगडून दाखवत नाही त्याच्यासमोर हा सगळा अगम्य मजकूर जसाच्या तसा येऊन पडतो, आणि ग्रूपात ५०० लोक असतील तर या एका फोटोपायी अडीच जीबीच्या वर माल इकडून तिकडे जातो, त्यातल्या बहुतेकांना तो फोटो नकोच असतो. म्हणून तर मेलमनसारखं ग्रूप चालवायचं सॉफ्टवेअर मुळातच मेसेजला ४० केबीची मर्यादा लावून येतं, त्याच्यावर गेलात की मेसेज मॉडरेटरकडे अडकून बसतो. १९९५ सालच्या आरएफसी १८५५ मध्ये, म्हणजे नेटवर कसं वागावं याच्या जुन्या मार्गदर्शिकेत, मेसेजखालची सही चार ओळींपेक्षा मोठी नको असं सांगितलंय. पाचवी ओळ ज्यांना जड वाटायची त्यांच्यापुढे तुम्ही सत्तर हजार ओळी ठेवताय.

तर पहिलं काम म्हणजे स्वतःला विचारायचं, फोटो खरंच लागतोय का? माझंच सांगतो. शिलाई मशीनवर कापडाच्या खालून दोऱ्याचं जाळं होत होतं, मी चार फोटो काढले, ते कुठे टाकायचे याच्यात तासभर घालवला, शेवटी कंटाळून नुसतं लिहिलं की वरून टाका नीट दिसतोय, खालून मात्र सैल फासे लोंबतायत, बॉबिन बदलून बघितली, सुई नवीन आहे. दहा मिनिटांत उत्तर आलं, वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नाही, कापड दाबणारा फूट वर उचलून परत ओवा. झालं की काम! फूट खाली असला की चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा आत शिरतच नाही, आणि चूक वर असते पण दिसते खाली. फोटो एकानेही बघितला नव्हता. लिहिण्यासाठी नीट बघावं लागतं आणि नीट बघितलं की अर्धा प्रश्न तिथेच सुटतो, हा माझा तरी अनुभव आहे.

आणि स्क्रीनवरचा एरर मेसेज दाखवायला स्क्रीनशॉट काढणाऱ्यांनो, हात जोडतो. ती अक्षरंच आहेत ना, मग अक्षरं म्हणूनच कॉपी करून टाका. उद्या कोणाला तोच एरर आला आणि त्याने शोधलं तर तुमचा धागा सापडेल, फोटोतली अक्षरं ग्रूपच्या सर्चला दिसत नाहीत.

पण काही ठिकाणी फोटोच लागतो हेही खरंच आहे. पानावरचे डाग, लाकडाचा पोत, हा स्क्रू नेमका कुठला, हे शब्दांत सांगत बसलात तर दोन पानं लिहाल आणि समोरच्याच्या डोळ्यासमोर काहीतरी तिसरंच उभं राहील. अशा वेळी फोटो दुसरीकडे ठेवायचा आणि ग्रूपात फक्त लिंक द्यायची. ज्याला बघायचंय तो क्लिक करेल, बाकीचे पुढे जातील.

दुसरीकडे म्हणजे कुठे, इथे जरा थांबून विचार करा कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. फुकट फोटो ठेवणाऱ्या साइट्स सोप्या आहेत, अकाउंटही लागत नाही कधी कधी, पण त्यांचा भरवसा नसतो. फोटोबकेटने २०१७ मध्ये अचानक बाहेरच्या साइटवर फोटो दाखवायचे असतील तर वर्षाला ३९९ डॉलर भरा म्हणून सांगितलं आणि एका झटक्यात वर्षानुवर्षांच्या चर्चांमधले फोटो गायब झाले. टायनीपिक २०१९ मध्ये बंदच पडलं. इमगरने २०२३ मध्ये ठरवलं की अकाउंटशिवाय टाकलेले आणि कोणी बघत नसलेले जुने फोटो काढून टाकायचे. म्हणून घाईचा प्रश्न असेल, आठवड्याभरात विषय संपणार असेल तर अशी साइट चालेल, पण तुम्ही एखादी गोष्ट स्टेप-बाय-स्टेप समजावून सांगताय आणि ती पाच वर्षांनीही कोणीतरी वाचावी असं वाटत असेल तर फोटो स्वतःच्या जागेवर ठेवा, छोटीशी वेबसाइट असेल तर उत्तमच. फोटोत खासगी काही नसेल तर वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या साइटवर, 'सेव्ह पेज नाऊ' मध्ये लिंक टाकून एक प्रत करून ठेवता येते, मिनिटभराचं काम आहे.

क्लाउड ड्राइव्हवरून देणार असाल तर परवानगी बघा! लिंक टाकायची आणि उघडणाऱ्या प्रत्येकाला "अॅक्सेस मागा" असं दिसायचं, आणि तुमच्या इनबॉक्समध्ये तीस अनोळखी लोकांच्या विनंत्या, हा प्रकार दर महिन्याला होतो. सेटिंग 'लिंक असलेला कोणीही' असं हवं, आणि फक्त 'बघू शकतो' एवढंच, 'बदलू शकतो' नको. अख्खा फोल्डर शेअर करू नका, फाइल करा, त्या फोल्डरमध्ये अजून काय काय पडलंय ते तुम्हाला आत्ता आठवत नसतं. ड्राइव्हवर तुमच्या अकाउंटचं नावही लोकांना दिसू शकतं, टोपणनावाने लिहीत असाल तर ती जागा तुमच्यासाठी नाहीच. पाठवायच्या आधी ब्राउझरच्या इनकॉग्निटो विंडोत लिंक उघडून बघा. उघडली तर सगळ्यांना उघडेल.

यूजनेटवर अजून एक जुनी सोय आहे, जोडीचा ग्रूप. गप्पा टेक्स्टच्या ग्रूपात आणि फोटो वेगळ्या बायनरी, म्हणजे फाइली चालणाऱ्या ग्रूपात. सुतारकामवाल्यांचं रेक.वूडवर्किंग होतं आणि फोटोंसाठी ऑल्ट.बायनरीज.पिक्चर्स.वूडवर्किंग, इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किटची चित्रं ऑल्ट.बायनरीज.स्कीमॅटिक्स.इलेक्ट्रॉनिक मध्ये टाकायचे. फोटो तिकडे टाकायचा आणि इकडे एक ओळ, की अमुक विषयाखाली तिकडे टाकलाय. अडचण एवढीच की बरेच सर्व्हर बायनरी ग्रूप ठेवतच नाहीत, त्यामुळे निम्म्या लोकांना तो दिसणार नाही हे धरून चाला. छोटं सर्किट किंवा जोड दाखवायचा असेल तर रेघा, अधिकची चिन्हं, उभ्या दांड्या वापरून टेक्स्टमध्येच चित्र काढता येतं, फक्त सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असतील असा फॉन्ट लावून काढा आणि टॅब न वापरता स्पेस वापरा, नाहीतर समोरच्याकडे पोचेपर्यंत त्याची खिचडी होते.

एखाद्या ठरावीक माणसालाच फोटो हवा असेल तर त्याला थेट मेल करणं सगळ्यात बरं. पण आधी विचारा. न विचारता कोणाच्या मेलबॉक्समध्ये मोठ्या फाइली ढकलू नका.

आता लिंक कशी द्यायची. एका ओळीत एकटी लिंक, पुढे मागे < आणि > अशा खुणा, कारण लांब लिंक ओळीच्या शेवटी तुटली तरी बऱ्याच प्रोग्रॅमना खुणांवरून कळतं की हे सगळं एकच आहे, आणि शेवटचा पूर्णविराम लिंकला चिकटून ती मोडत नाही. लिंक छोटी करून देणाऱ्या सेवा वापरू नका, एक तर कुठे जातोय ते कळत नाही, त्यामुळे सावध माणसं क्लिकच करत नाहीत, आणि ती सेवा बंद पडली की फोटो जागेवर असूनही लिंक मेली. लिंकच्या वर फोटोत काय आहे आणि कशाकडे बघायचं ते लिहा, फाइल मोठी असेल तर आकार लिहा, जखम, किडे, रक्त असलं काही असेल तर तेही आधी सांगा. नुसतं "हे बघा" आणि खाली लिंक असली की मी स्वतः उघडत नाही, व्हायरसवालेही तसंच लिहितात.

हे वर्णन लिहायचं अजून एक कारण. ग्रूपात अंध मेंबर असू शकतात, स्क्रीन रीडरवर सगळं ऐकतात, आणि टेक्स्ट-ओन्ली ग्रूप त्यांना सोयीचे पडतात कारण इथे सगळं अक्षरांत असतं. ऑफिसच्या नेटवर फोटोच्या साइट बंद असणारे लोकही असतात. तुमचा मेसेज लिंक न उघडता समजला पाहिजे, फोटो हा पुरावा म्हणून.

फोटो वर चढवायच्या आधी त्याची जरा साफसफाई करा. लांब बाजू १२०० पिक्सेलवर आणली तरी बहुतेक कामं होतात आणि ४ एमबीचे दोन-तीनशे केबी होतात. बारीक काही दाखवायचं असेल तर अख्खा फोटो मोठा ठेवण्यापेक्षा तेवढाच भाग कापून द्या. फोटोला जेपीजी, स्क्रीनशॉट किंवा आकृती असेल तर पीएनजी. आयफोन २०१७ पासून एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये फोटो काढतो, तो सगळ्यांकडे उघडत नाही, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा म्हणजे जेपीजी येईल. आणि लोकेशन! जीपीएस चालू असेल तर फोटोच्या आत एक्झिफ माहितीत अक्षांश-रेखांश लिहिले जातात, तुम्ही कुंडीतल्या रोपाचा फोटो टाकता आणि सोबत घराचा पत्ता देऊन मोकळे होता. काही साइट ही माहिती काढून टाकतात, काही नाही काढत, त्यामुळे आपणच काढलेली बरी. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजच्या डिटेल्समध्ये ती काढायची सोय आहे.

नाव, नंबर झाकायचा असेल तर भरीव काळा चौकोन मारा, हायलायटरने गिरवलेलं फोटोचा ब्राइटनेस वाढवला की खालून दिसतं. आणि झाकून झाल्यावर त्याचा परत एक स्क्रीनशॉट काढून, फोन अपडेट असेल तर, तोच टाका. हे जास्तीचं वाटेल पण २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या एडिटिंगमध्ये अशी चूक सापडली होती की कापून टाकलेला भाग फाइलमध्ये तसाच राहायचा आणि परत काढता यायचा, विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसलंच निघालं.

दुसऱ्याने काढलेला फोटो उचलून आपल्या जागेवर चढवू नका, तो जिथे आहे त्या पानाची लिंक द्या. थेट त्यांच्या चित्राच्या फाइलची लिंकही नको, पान वाचलं जात नाही, फोटो कोणाचा ते कळत नाही आणि बँडविड्थचा खर्च त्यांच्या माथी. फोटोत माणसं असतील तर त्यांना विचारा.

रिप्लाय देणाऱ्यांनी पण थोडं बघावं. "मस्त फोटो" एवढं लिहायला अख्खा मेसेज खाली कोट करू नका. फोटो बघून उत्तर देताय तर काय दिसलं ते लिहा, म्हणजे "डावीकडच्या चकतीत दोरा बाहेर दिसतोय, तो आत घाला" असं, मग फोटो मेला तरी उत्तर जिवंत. आणि प्रश्न सुटला की विचारणाऱ्याने परत येऊन शेवटी काय निघालं ते दोन ओळींत सांगावं, लोक हे हमखास विसरतात.

चुकून अटॅचमेंट गेलीच तर घाबरू नका, परत पाठवू नका, "माफ करा, लिंक ही घ्या" एवढं पुरे. गेलेला मेसेज बहुतेक वेळा परत घेता येत नाही, आणि त्यावर तीन मेसेज माफीचे आले तर लोकांना तेच जास्त नको असतं.

नमुना म्हणून, मी तो शिलाईचा प्रश्न आज विचारला तर असा विचारेन:

विषय: खालून दोऱ्याचे फासे येतायत (फोटोची लिंक आत)

सुती कापड, नवीन सुई, बॉबिन बदलून झाली. वरून टाका सरळ, खालून सैल फासे. ताण वाढवून फरक नाही. फोटोत कापडाची खालची बाजू आहे, मधल्या शिवणीकडे बघा, बाजूची जुनी शिवण ठीक आहे. जेपीजी, २१० केबी, महिनाभर ठेवतो.
< इथे लिंक >