कित्तूरला जाताय? मग आधी पडका वाडा, म्युझियम नंतर

राणी चन्नम्मांचं कित्तूर बेळगावहून म्हणजे धारवाड रोडला साधारण ५० किलोमीटर. बसमध्ये चढतानाच कंडक्टरला कित्तूरला थांबते काय विचारा, नॉनस्टॉप गाड्या सरळ धारवाडला सुटतात. बायकांनी कर्नाटकच्या पत्त्याचं आधार जवळ ठेवा, साध्या बसला तिकीट लागत नाही. पण चंदगड-कोल्हापूरकडचे पाहुणे बरोबर असतील तर त्यांचं काढावं लागणार, त्याला इलाज नाही.

किल्ल्यात गेलं की सगळे सावली बघून पहिलं म्युझियममध्ये शिरतात. तसं करू नका. आधी देसायांचा, म्हणजे कित्तूरच्या राजघराण्याचा, वाडा फिरा. छप्पर नाही, लाकूड नाही, नुसत्या जाडजूड भिंती उरल्यात, तरी स्वयंपाकघर, जेवणाची जागा, न्हाणीघर, पाणी खेळवायची सोय हे सगळं हळूहळू ओळखू येतंय. भिंतीत एक गोल भोक आहे, त्यातनं ध्रुवतारा बघायचे म्हणतात. दिवसा तारा कुठला दिसणार, पण डोळा लावून बघाच, भिंतीची जाडी किती ते तिथंच कळतं.

मग म्युझियम. तलवारी, चिलखतं आहेतच, पोरं तिथंच अडकतात, पण तुम्ही कोरीव दारं-खिडक्यांसमोर थांबा. बाहेरच्या मोकळ्या भिंती आत्ताच बघून आलेलो असतो ना, त्यामुळं असली दारं तिथं कशी शोभत असतील ते डोळ्यासमोर येतंय, उलट क्रमानं गेलात तर ती नुसती जुनी लाकडं वाटतात.

पोरांना गोष्ट आधीच सांगून ठेवा. १८२४ ला गादीवरचा शिवलिंगरुद्र वारला, दत्तक घेतलेला कंपनी सरकारनं मानला नाही, २३ ऑक्टोबरला लढाई झाली त्यात धारवाडचा कलेक्टर थॅकरे मेला, डिसेंबरात किल्ला पडला आणि राणी चन्नम्मांना बैलहोंगलला कैदेत ठेवलं, तिथंच त्या १८२९ ला गेल्या. आणि हो, त्यांचे पती मल्लसर्ज यांना पुण्यात अडकवून ठेवलं होतं ते आपल्या दुसऱ्या बाजीरावानं, हे पण सांगा की, लपवायचं कशाला!

ऑक्टोबरात २३ तारखेपासून कित्तूर उत्सव असतोय, मजा येते पण वाडा निवांत बघणं होत नाही. स्वतःची गाडी असेल तर येताना बैलहोंगलवरून या, राणीची समाधी तिथं आहे.