प्रवासासाठी छोटा कॅमेरा कसा निवडावा: मिरवणुकीची रात्र, गाभारा आणि खानापूरचा पाऊस

दुकानात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न येतो, “बजेट किती?” हा प्रश्न दुसरा यायला हवा. पहिला प्रश्न आपण घरीच स्वतःला विचारायचा: माझा मोबाईल नेमका कुठे कमी पडतो? दिवसाउजेडी राजहंसगडावरून दिसणारा मुलूख टिपायला कुठलाही बरा मोबाईल पुरतो, तेवढ्यासाठी कुणी पैसे घालू नयेत. पण बेळगावची वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात भरदुपारीही गाभाऱ्याशी अंधार असतो, आणि जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात पाऊस उसंत देत नाही. आपल्या भागात कॅमेऱ्याचा कस या तीन ठिकाणी लागतो. यांतलं काय टिपायचंय, त्यावर कॅमेरा ठरवा.

पायरी १: फसलेले फोटो आधी बघा

मोबाईलमधले वर्षभरातले फोटो-व्हिडिओ उघडा आणि जे मनासारखे आले नाहीत तेवढेच बाजूला काढा. प्रत्येकाचं कारण एका शब्दात लिहा: अंधार, लांब, हललेला, आवाज. जे कारण सगळ्यात जास्त वेळा येईल, त्यासाठी कॅमेरा घ्यायचा. चारही कारणं सारखी दूर करणारा कॅमेरा खिशात मावत नाही, हे आधीच मान्य करा म्हणजे पुढची निवड सोपी जाते.

पायरी २: सेन्सर आणि लेन्सचा उजेड समजून घ्या

इथे थोडं थांबायला हवं, कारण निम्मी फसगत इथेच होते. सेन्सर म्हणजे लेन्समधून आलेला उजेड टिपून चित्र बनवणारी चकती. कमी किमतीच्या, भरपूर झूम देणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांत तो साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो. ‘एक इंच’ म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. अंधारात हा चौपटीचा फरक डोळ्यांना दिसतो. लहान सेन्सरवर रात्रीच्या आकाशात रंगीबेरंगी दाणे उठतात आणि चेहऱ्याची कातडी मेणासारखी गुळगुळीत होते. मात्र तुमच्याकडे महागड्यांपैकी, एक इंची सेन्सरचा मोबाईल असेल, तर केवळ सेन्सरसाठी कॅमेरा घेण्यात अर्थ नाही. मग तुम्हाला हवा तो खरा, म्हणजे लेन्सचा झूम.

सेन्सरनंतर लेन्सवरचा ‘एफ’ आकडा बघा. तो जितका लहान, तितका उजेड जास्त. सोनी झेडव्ही-१ आणि कॅनन जी७एक्स मार्क ३ यांची लेन्स एफ १.८ पासून सुरू होते, तर झूम २०० मिलिमीटरपर्यंत नेणारा (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं) सोनी आरएक्स१०० मार्क ७ एफ २.८ पासून. फरक किरकोळ वाटतो, पण एफ १.८ मधून जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो. मिरवणुकीत याचा अर्थ असा: एकाच रस्त्यावर, त्याच दिव्याखाली, एका कॅमेऱ्याचं शटर (उजेड आत घेणारी झडप) सेकंदाचा १२५ वा भाग उघडं राहिलं तरी पुरतं, तिथे दुसऱ्याला ५० वा भाग लागतो. पहिल्यात लेझीम उचललेला हात स्पष्ट येतो, दुसऱ्यात त्या हाताची नुसती रेघ उमटते.

उलट गोकाकचा सुमारे ५२ मीटर उंचीचा धबधबा समोरच्या काठावरून जवळ आणायचा, भीमगडच्या रानात पक्षी टिपायचे, तर लांब झूमच हवा. एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला पोच. माझं मत विचाराल तर कुटुंबासोबत फिरणाऱ्या, सण-जत्रा टिपणाऱ्या माणसाने उजेडाची बाजू घ्यावी. लांबचा पक्षी वर्षातून दोनदा, अंधारातले आपले लोक दर सणाला.

पायरी ३: व्हिडिओ करणार असाल तर चार गोष्टी तपासा

पहिली, माईक लावायचं छिद्र. राजहंसगडावर किंवा चोर्ला घाटात वारा असा घोंघावतो की कॅमेऱ्याच्या अंगच्या माईकवर बोललेलं एक वाक्य कळत नाही. वर म्हटलेल्या तिन्ही कॅमेऱ्यांना बाहेरचा माईक जोडता येतो. झेडव्ही-१ सोबत वारा अडवणारं केसाळ टोपडंही मिळतं.

दुसरी, स्क्रीन. एकट्याने बोलत व्हिडिओ करणाऱ्याला पडदा आपल्याकडे वळणारा हवा. तोही बाजूला उघडणारा असेल तर उत्तम, कारण वर माईक बसवला की वर उलटणारा पडदा झाकला जातो.

तिसरी, स्थिरता. चालता चालता शूट करणाऱ्यांनी डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ जरूर हातात घेऊन बघावा. वजन १७९ ग्रॅम, सेन्सर एक इंची आणि लेन्सच यंत्राने तोललेली. गणपत गल्लीच्या गर्दीतून चालत काढलेला व्हिडिओही डोळ्यांना त्रास देत नाही. फोटोसाठी मात्र तो दुय्यमच.

चौथी गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम (चित्रं) टिपणाऱ्या ‘एनटीएससी’ या व्हिडिओ पद्धतीवर असेल आणि शटर १/६० वर, तर मांडवातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्या चित्रावर काळपट पट्टे सरकतात. मेनूत ‘पाल’ ही दुसरी पद्धत निवडा, २५ किंवा ५० फ्रेम ठेवा आणि शटर १/५० किंवा १/१००. हे कॅमेरा हातात आला त्याच दिवशी करून टाका, कारण काही मॉडेलांत हा बदल केल्यावर मेमरी कार्ड फॉरमॅट करावं, म्हणजे सगळं पुसावं लागतं. मिरवणुकीच्या मध्यावर ते जमणार नाही.

पायरी ४: पावसाचा विचार घेण्याआधी करा

बहुतेक एक इंची छोटे कॅमेरे पाऊस सोसत नाहीत. शिवाय लेन्स आत-बाहेर होताना दमट हवा आणि धूळ आत ओढली जाते. लेन्स निघत नसल्यामुळे आत बुरशी धरली की साफसफाई म्हणजे जवळजवळ सगळा कॅमेरा उघडणं.

दोनच मार्ग आहेत. ओढ्यात उतरून, भर सरीत शूटिंग करायचं असेल तर ओएम सिस्टीमचा टफ टीजी-७ घ्या. तो १५ मीटर खोल पाण्यात चालतो, पण सेन्सर लहान, त्यामुळे रात्रीची अपेक्षा सोडावी लागेल. नाहीतर नेहमीचा कॅमेरा घ्या आणि त्याची निगा राखा: घरी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायचा, जेलचे खडे रंग बदलले की तापवून पुन्हा वापरायचे. गाडीत एसी चालू असेल तर खानापूरच्या पुढे गेल्यावर कॅमेरा एकदम बाहेर काढू नका. थंड काचेवर वाफ धरते. बॅग बंद ठेवून बाहेर आणा, थोडा वेळ जाऊ द्या.

पायरी ५: दुकानात आपलं मेमरी कार्ड घेऊन जा

डब्यावरचे आकडे वाचून कॅमेरा कळत नाही. काउंटरखालचा अंधारा कोपरा मोबाईलने आणि कॅमेऱ्याने, दोन्हींनी टिपा. झूम दोन्ही टोकांना नेऊन एकेक फोटो काढा. काउंटरपासून दारापर्यंत बोलत चालत जा आणि चेहऱ्यावरचा फोकस सुटतो का बघा. मग कार्ड घरी आणून मोठ्या पडद्यावर तपासा. भला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

वापरलेला कॅमेरा असेल तर तपासणी आणखी कडक हवी. झूम करताना घरघर येते का ऐका. एफ ८ किंवा ११ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे. लेन्समध्ये तिरका टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तो कॅमेरा कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

जीएसटीचं पक्कं बिल आणि कंपनीची भारतातली वॉरंटी, या दोन्हींशिवाय नवा कॅमेरा घेऊ नये. दुरुस्ती बेळगावात होते की बाहेर पाठवावा लागतो, तेही विचारून ठेवा.

पायरी ६: कॅमेऱ्याबाहेरचा खर्च आधीच धरा

दुसरी बॅटरी ही चैन नव्हे. झेडव्ही-१ ची बॅटरी कंपनीच्याच मोजमापाने साधारण २६० फोटो चालते. चांगल्या दर्जाच्या ४के (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याच्या) व्हिडिओला तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासाच्या आत भरतं. कार्डावर वेगाची ‘व्ही३०’ ही खूण लिहिलेली बघून घ्या, त्याहून महाग कार्डाची गरज नाही. उन्हाळ्यात ४के चालू ठेवलं की छोटे कॅमेरे तापून बंद पडतात. मेनूत तापमानाची मर्यादा वाढवायची सोय असेल तर ती वाढवा आणि लहान लहान तुकड्यांत शूट करा.

ट्रायपॉडचं मात्र घाईने ठरवू नका. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ मधली कमल बस्ती (जैन मंदिर) पुरातत्त्व खात्याकडे आहे, आणि खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. तिच्या छतातलं दगडी कमळ टिपायला ट्रायपॉड लागतही नाही. घडी घातलेला पंचा जमिनीवर ठेवा, त्यावर कॅमेरा लेन्स वर करून टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि हात काढून घ्या. जिथे पूजा चालते तिथे, हलशीला असो की सौंदत्तीला, आधी पुजाऱ्यांना विचारा. गाभाऱ्यात नको म्हणाले तर बाहेरच्या खांबांवरचं कोरीव काम टिपा.