पहिल्या बर्फाची तयारी, गोव्याहून

पारा विशीच्या जवळ आला की गोव्यात स्वेटर बाहेर निघतात. त्यामुळे बर्फाच्या देशात जायचं ठरलं की पहिली धाव जाडजूड कपड्यांकडे जाते. बर्फात नवखा माणूस कुडकुडतो तो मात्र बहुतेक वेळा ओलीमुळे: जिरलेला घाम, वितळलेला बर्फ, भिजलेला पायमोजा. चार महिने ओलीशी झुंजणाऱ्या गोंयकाराला हे वेगळं पटवायला नको.

कपड्यांचे थर तीन. अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, अंगाला चिकटून बसणारं. खाली सवयीने सुती बनियन घालू नका. ते घाम धरून ठेवतं आणि थांबलात की पाठ गार पडते. मधे फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार कापडाचं उबदार जॅकेट. वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट, फ्लीसवर सैल बसेल असं. स्कूटरवरचा रेनकोट वारा अडवतो खरा, पण घाम बाहेर सोडत नाही, तासाभरात आतून भिजवतो. जीन्स घरीच ठेवा. सहा दिवसांना थर्मलचे दोन जोड आणि लोकरी पायमोज्यांचे चार पुरतात. एकच दिवस बर्फात जायचं असेल तर जॅकेट-बूट विकत घेऊ नका, स्कीच्या बहुतेक ठिकाणी भाड्याने मिळतात.

बूट घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न घेणारे, तळाला खोल खाचा असलेले हवेत. जाड मोजा घालून आत बोटं हलली पाहिजेत. दोन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतो. नवे बूट पणजीतल्या आल्तिन्होच्या चढणीवर तीन-चार वेळा घालून चाला. फोड यायचे तर इथेच येऊ देत. विमानातही तेच घाला, सामानाचं वजन वाचतं. जॅकेट आणि थर्मलचा एक जोड केबिन बॅगेत ठेवा, म्हणजे मोठी बॅग मागे राहिली तरी अडत नाही. पॉवर बँकही केबिन बॅगेतच; चेक-इन सामानात ती चालत नाही.

खोबरेल तेलावर विसंबू नका, साधारण २४ अंशांखाली ते बाटलीत थिजतं. ओठांना आणि नाकपुड्यांना पेट्रोलियम जेली लावा. हीटरच्या कोरड्या हवेने नाकातून रक्तही येतं. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखालीही लावायचं. गॉगल ढगाळ दिवशीसुद्धा हवा. नाही तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं.

निघण्यापूर्वी तापमानासोबत वाराही पाहा. उणे ५ अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा म्हणजे उघड्या त्वचेला उणे १३. बाहेर पडताना किंचित गार वाटलं तर कपडे बरोबर आहेत. चालताना घाम फुटायच्या आत चेन उघडा.

घसरतो तो भुसभुशीत बर्फावर क्वचितच. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या काचेसारख्या थरावर आपटतो. बदकासारखं चाला: छोटी पावलं, पूर्ण तळवा टेकवून, अंग किंचित पुढे, हात खिशाबाहेर. छपरांच्या कडेखाली उभं राहू नका, वरून बर्फाची लादी सुटते.

बर्फाचा गोळा वळत नसेल तर दोष हातांचा नाही. कडक थंडीतला बर्फ कोरडा, पिठासारखा असतो. शून्याच्या आसपासचाच चिकटतो. मोबाईल आतल्या खिशात ठेवा, गारठला की बॅटरी अचानक मान टाकते. कॅमेरा खोलीत नेण्याआधी बाहेरच झिप पिशवीत बंद करा, नाही तर काचेवर दव धरतं.

बोट किंवा कान पांढरट, बधिर झाला तर चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. आत जा, बोट काखेत धरा. बधिरपणा अर्ध्या तासात गेला नाही तर डॉक्टर गाठा. फेणीच्या घोटाने ऊब वाटते, पण त्वचेकडे रक्त धावून अंगाची उष्णता निसटते. ती रात्री, खोलीत.

स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख ३,४५४ मीटर उंचीवर आहे आणि तिथे रेल्वे थेट नेते. हवा विरळ असते, म्हणून पहिला अर्धा तास सावकाश चाला, डोकं दुखू लागलं तर खाली या.

भिजलेले बूट हीटरवर ठेवलेत तर डिंक सुटतो. वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने बदला. परतल्यावर सगळं सावलीत खडखडीत वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, आणि मेअखेर एकदा वाऱ्यावर टाका. जूनमध्ये डबा उघडलात तर बुरशी आत शिरलीच म्हणून समजा.