‘रेंच’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ जाणून योग्य पर्याय कसा निवडावा

‘रेंच’ या शब्दासाठी इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश उघडला, तर ट्विस्ट, रिंग, रेस्ट, यँक, जर्क, स्प्रेन, डिस्टॉर्ट, स्पॅनर असे अनेक शब्द एकाच ओळीत मांडलेले दिसतात. यांपैकी प्रत्येक शब्द ‘रेंच’च्या एखाद्या अर्थाला जवळचा आहे, पण ते एकमेकांना जवळचे नाहीत, आणि ही गोष्ट कोश सहसा सांगत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्या किंवा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणाऱ्या व्यक्तीने म्हणून या ओळीतला पहिला शब्द उचलण्याऐवजी मूळ शब्दाच्या पोटात नेमके काय आहे ते आधी पाहावे.

‘रेंच’मध्ये तीन गोष्टी एकत्र येतात: पीळ, जोर आणि अचानकपणा. त्यांच्या जोडीला बहुतेक वेळा चौथी गोष्टही असते, ती म्हणजे जागेवरून सुटणे किंवा इजा होणे. हा शब्द ज्यातून आला, त्या जुन्या इंग्रजीतील ‘व्रेंकान’ या क्रियापदाचा अर्थ पिळणे, वळवणे असाच होता, आणि त्याच मुळातल्या नामाला कपट, डावपेच असाही अर्थ होता. आज कपटाचा अर्थ उरलेला नाही, परंतु आरंभीचे ‘डब्ल्यू’ हे अक्षर मात्र लेखनात टिकून राहिले. ते एके काळी उच्चारले जात असे. आता ते पूर्णपणे मूक आहे. मनगटाला ‘रिस्ट’, सुरकुतीला ‘रिंकल’, पिळण्याला ‘रिंग’, फुलांच्या गुंफलेल्या चक्राला ‘रीथ’ आणि कुस्तीला ‘रेसलिंग’ म्हणतात. या सर्व शब्दांच्या आरंभी तेच मूक अक्षर आहे आणि सर्वांच्या मुळाशी वळण्याची किंवा पिळण्याची कल्पना आहे. हे कुटुंब एकत्र लक्षात ठेवले, तर स्पेलिंग वेगळे पाठ करावे लागत नाही.

उच्चारताना शेवटचा ‘च’ ‘चंद्र’मधला घ्यावा, ‘चमचा’मधला नव्हे. भूतकाळी रूप लिहिताना नेहमीचे ‘ईडी’ लागते, पण त्याचा उच्चार ‘ट’सारखा, म्हणजे ‘रेंच्ट’ असा होतो.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. मराठीभाषकाच्या हाती येथे एक मोठी सोय आहे, कारण इंग्रजी ज्या ठिकाणी एकच क्रियापद वापरते, तेथे मराठीत वेगवेगळी क्रियापदे आधीपासून तयार आहेत. म्हणून वाक्य प्रथम मराठीत मनाशी म्हणून पाहावे आणि तेथे कोणते क्रियापद आपोआप येते, याकडे लक्ष द्यावे.

मनात ‘मुरगळला’ आले, म्हणजे पाय, गुडघा किंवा खांदा अवचित वळून दुखावला असेल, तर ‘रेंच’ चालते आणि ‘ट्विस्ट’ही चालते. ‘स्प्रेन’ मात्र विचारपूर्वक वापरावा. ‘रेंच’ काय घडले ते सांगतो, तर ‘स्प्रेन’ कोणती इजा झाली ते सांगतो: सांध्याची हाडे एकमेकांना जोडणारे अस्थिबंध ताणले किंवा फाटले गेले, असा त्याचा वैद्यकीय अर्थ आहे. स्नायू किंवा स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा दुखावला असेल, तर डॉक्टर ‘स्ट्रेन’ म्हणतात. रजेच्या अर्जात हा फरक फारसा महत्त्वाचा नसेल. वैद्यकीय अहवालाच्या अनुवादात मात्र तो अतिशय महत्त्वाचा आहे.

मनात ‘पिरगाळला’ आले, उदाहरणार्थ कोणी कोणाचा हात पिरगाळला, तर ‘ट्विस्ट’ हा सर्वात सुरक्षित शब्द ठरतो. झटका आणि क्रौर्य दोन्ही दाखवायचे असतील, तरच ‘रेंच’ लिहावे. मनात ‘पिळले’ आले, म्हणजे ओले कपडे पिळून पाणी काढले असेल, तर केवळ ‘रिंग’ हाच शब्द योग्य आहे, आणि त्याचे भूतकाळी रूप ‘रंग’ असे होते. येथे ‘रेंच’ लिहिले, तर टॉवेल कोणाच्या तरी हातातून झटक्याने ओढून घेतला, असा भलताच अर्थ निघतो. मान मुरगाळण्यासाठी आणि हताशपणे हात चोळण्यासाठीही इंग्रजी ‘रिंग’च वापरते.

मनात ‘हिसकावून घेतले’ आले, तर वस्तू कोणती आहे ते पाहावे. पिशवी, काठी, दोरी अशी हाताला लागणारी वस्तू असेल, तर ‘रेंच’ शोभतो. सत्ता, नियंत्रण, विजय अशी अमूर्त गोष्ट दीर्घ झगड्यानंतर मिळवली असेल, तर ‘रेस्ट’ हा शब्द अधिक नेमका आहे. (त्याचा उच्चार विश्रांतीच्या ‘रेस्ट’सारखाच होतो, म्हणून ऐकून लिहिताना आरंभीचे मूक अक्षर विसरू नये.) नुसता हिसडा दिला आणि त्यात पीळ नसेल, तर ‘जर्क’ किंवा बोलीतला ‘यँक’ पुरेसा होतो, आणि ‘टग’मध्ये तर जोर त्याहूनही कमी असू शकतो.

‘उचकटले’ हे क्रियापद मला ‘रेंच’च्या सर्वात जवळचे वाटते, आणि येथेच वाक्यरचनेचा खरा धडा आहे. मराठीत आपण ‘दार उचकटून उघडले’ असे म्हणतो, म्हणजे कृती पहिल्या क्रियापदात आणि परिणाम दुसऱ्या क्रियापदात सांगतो. इंग्रजी हाच परिणाम एका लहानशा शब्दावर सोपवते: ‘शी रेंच्ड द डोअर ओपन’. ‘ओपन’च्या जागी ‘ऑफ’ आले, तर दार बिजागरीवरून निखळले; ‘ही रेंच्ड हिज आर्म फ्री’ असे असेल, तर त्याने आपला हात जोर लावून सोडवून घेतला. अनुवाद करताना हे लहान शब्द गाळले, तर दाराचे किंवा हाताचे पुढे काय झाले, हे वाचकाला कळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी ‘रेंच’नंतर येणाऱ्या शब्दासाठी मराठीत दुसरे क्रियापद शोधावे.

मनाच्या वेदनेसाठी हा शब्द नाम म्हणूनही येतो. ब्रिटिश इंग्रजीत घर किंवा गाव सोडणे ‘अ रेंच’ होते असे म्हणतात, तेव्हा जीव तुटला, पाय निघेना, असा त्याचा भाव असतो. किरकोळ हुरहुरीसाठी हा शब्द वापरू नये. ‘हार्ट-रेंचिंग’साठी ‘काळीज पिळवटून टाकणारे’ हा मराठी पर्याय इतका चपखल आहे की, दुसरा शोधण्याची गरजच नाही. कोणाच्या बोलण्याचा संदर्भ तोडून अर्थ फिरवला असेल, तर मराठीत ‘विपर्यास’ आणि इंग्रजीत ‘डिस्टॉर्ट’ हे शब्द अधिक रूढ आहेत. ‘डिस्टॉर्ट’, खंडणी उकळण्यासाठीचा ‘एक्स्टॉर्ट’, छळासाठीचा ‘टॉर्चर’ आणि अभियांत्रिकीत फिरवणाऱ्या जोरासाठीचा ‘टॉर्क’ हे सर्व पिळणे या अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदातून आलेले आहेत.

शेवटी अवजाराविषयी. अमेरिकेत नट आणि बोल्ट फिरवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पान्याला ‘रेंच’ म्हणतात; ब्रिटनमध्ये त्याच साध्या पान्याला ‘स्पॅनर’ म्हणतात आणि ‘रेंच’ हे नाव प्रामुख्याने जबडा कमीजास्त करता येणाऱ्या जड पान्यांसाठी वापरतात. आपले प्लंबर ज्याला पाइप पाना म्हणतात, तो अमेरिकेत डॅनियल स्टिलसन याने १८७०च्या सुमारास तयार केला, आणि ब्रिटनमध्ये त्याला आजही ‘स्टिलसन’ म्हणतात. ठरावीक जोर लावून बोल्ट घट्ट करणाऱ्या साधनाला मात्र दोन्हीकडे ‘टॉर्क रेंच’ असेच नाव आहे. कामात खोडा घालणे या अर्थी ब्रिटिश माणूस यंत्रात ‘स्पॅनर’ टाकतो, तर अमेरिकन माणूस ‘मंकी रेंच’ टाकतो. म्हणून लेखनास आरंभ करण्यापूर्वी आपण कोणत्या देशाचे इंग्रजी वापरणार आहोत ते ठरवावे. ज्या मजकुरात इतरत्र ब्रिटिश वळणाचे स्पेलिंग आहे, त्यात दुहेरी तोंडाच्या साध्या पान्याला ‘स्पॅनर’च लिहावे.