एक्सेलमध्ये पेस्ट करताना नको ते सोबत येऊ नये म्हणून

कंट्रोल+व्ही दाबलं की नुसता आकडा येत नाही. सूत्र, रंग, बॉर्डर, कंडिशनल फॉरमॅटिंगचे (अटीनुसार सेलचं रूप बदलण्याचे) नियम, सगळंच येतं. ज्या सेलवर पेस्ट करता तिथला ड्रॉपडाउनही पुसला जातो, आणि एक्सेल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून नुसते आकडे हवे असतील तर कंट्रोल+ऑल्ट+व्ही, मग व्ही, मग एंटर. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि गूगल शीट्समध्ये कंट्रोल+शिफ्ट+व्ही पुरतं. ही सवय हाताला लावून घ्याच.

सूत्र कॉपी करताना वेगळी अडचण येते. समजा, एफ१ मध्ये जीएसटीचा दर आहे आणि डी२ मध्ये =बी२*एफ१. हे डी३ मध्ये पेस्ट केलं की =बी३*एफ२ होतं. एफ२ रिकामा असेल तर उत्तर शून्य. एरर दिसत नाही, फक्त बेरीज कमी भरते. सूत्र लिहितानाच सूत्रातल्या एफ१ वर कर्सर ठेवून एफ४ हे बटण दाबा, म्हणजे $एफ$१ होईल आणि दराचा सेल हलणार नाही.

सर्वांत जास्त नुकसान फिल्टर लावलेल्या यादीत होतं. दहा ओळी कॉपी करून तिथे पेस्ट केल्या, तर त्या सलग दहा ओळींत जातात. मधल्या लपलेल्या ओळींवरचा मजकूर गेलाच. आधी अनुक्रमांकाचा एक कॉलम घाला, फिल्टर काढा, हव्या त्या ओळी सॉर्ट करून एकत्र आणा, पेस्ट करा आणि अनुक्रमांकाने पुन्हा पूर्वीसारखं लावा. उलट, हाताने लपवलेल्या ओळी कॉपीत नको असतील तर निवड केल्यावर आधी ऑल्ट+; दाबा, मग कॉपी करा.

बँक खात्याचे क्रमांक ईमेलमधून वा वेबसाइटवरून आणताना सुरुवातीची शून्यं उडतात. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक राहतं, त्यामुळे सोळावा अंक शून्य होतो. १२ अंकी आधार क्रमांक २.३४ई+११ असा दिसला तर घाबरू नका, तो आत शाबूत असतो. खातेक्रमांकांसाठी मात्र कॉलमला आधी टेक्स्ट फॉरमॅट द्या, मग राइट क्लिक करून ‘मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग’ निवडा. क्रम उलटा झाला तर नंतर फॉरमॅट बदलून उडालेले अंक परत येत नाहीत. मूळ ठिकाणाहून पुन्हा कॉपी करावं लागतं.