कंट्री डान्सचा शिक्षक व्हायचे असेल तर

अमेरिकेत कंट्री डान्स, म्हणजे कंट्री संगीतावरचा नाच, शिकवून चरितार्थ चालवायचा असेल, तर चांगले नाचता येणे ही केवळ पूर्वतयारी आहे. नाचणारा आपले पाऊल कुठे पडते याचा विचार करीत नाही; शिक्षकाला तो प्रत्येक पावलाला करावा लागतो. म्हणून सुरुवातीला एखाद्या अनुभवी शिक्षकाच्या वर्गात मदतनीस म्हणून उभे राहावे आणि लाइन डान्सबरोबरच (रांगांत उभे राहून, जोडीदाराशिवाय करायचा नाच) टू-स्टेप व वॉल्ट्झ हे जोडीचे प्रकारही पक्के करावेत. टू-स्टेपमध्ये एकेका ठोक्याची दोन जलद पावले आणि दोन-दोन ठोक्यांची दोन संथ पावले, असे सहा ठोके होतात, आणि सर्व जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फ्लोअरभर फिरतात. या प्रकारात पुढाकार घेणाऱ्याची व साथ देणाऱ्याची अशा दोन्ही भूमिका शिकाव्यात, कारण हाताचा दाब किती असला म्हणजे तो खेचल्यासारखा वाटतो, हे साथ देऊन पाहिल्याशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही.

लाइन डान्सच्या वर्गात मात्र खरी अडचण भिंत बदलताना, म्हणजे नाचाची एक फेरी संपून सर्वांनी दुसऱ्या भिंतीकडे तोंड करताना, येते. समजा, नाच बत्तीस काउंटचा, म्हणजे बत्तीस ठोक्यांचा, आणि चार भिंतींचा आहे. ठोके मिनिटाला एकशेवीस असले, तर दर सोळा सेकंदांनी सर्वांची तोंडे नव्या भिंतीकडे होतात. पहिल्या भिंतीला मागच्या रांगेतली नवखी व्यक्ती पुढच्यांच्या पायांकडे पाहून निभावून नेते. पण दोन वळणांनंतर तीच रांग सर्वांत पुढे येते, समोर कोरी भिंत असते आणि त्या नवख्या व्यक्तीचे पाय जागच्या जागी थांबतात. अनेक जण पहिल्याच दिवशी वर्ग सोडतात ते याच क्षणी, अशी माझी ठाम समजूत आहे. यावर उपाय असा, की संगीत लावण्यापूर्वी चारही भिंतींकडे तोंड करून नाच सावकाश चालून घ्यावा, आणि शिक्षकाने प्रत्येक वेळी नव्या पुढच्या रांगेसमोर जाऊन, वर्गाकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे त्याचा उजवा पाय तोच त्यांचा उजवा पाय ठरतो.

सूचना नेहमी पावलाच्या आधी द्यावी. उजवीकडे ग्रेपव्हाइन (एक पाय दुसऱ्याच्या मागे टाकत बाजूला सरकणे) घ्यायचा असेल, तर ‘उजवीकडे’ हा शब्द आधीच्या आठ काउंटमधल्या सातव्या काउंटपर्यंत कानांवर पडला पाहिजे. पाऊल पडतानाच उच्चारलेला शब्द कुणाच्याही उपयोगी पडत नाही. ‘बाजूला, मागे, बाजूला, टेका’ असे पावलांचे वर्णन करावे आणि वर्ग स्थिरावला की शब्द कमी करीत जावे.

उत्पन्न बहुधा एका ठिकाणाहून येत नाही. डान्स हॉलमध्ये बँड सुरू होण्यापूर्वीचा तासाभराचा वर्ग, खासगी शिकवण्या, शनिवार-रविवारच्या कार्यशाळा आणि पुढे स्पर्धांचे परीक्षण, असे ते जोडत न्यावे लागते. मानधन ठरावीक असेल की प्रवेशशुल्कातील वाटा, हे आधी लिहून घ्यावे. स्वतंत्र व्यावसायिकाला आयकराखेरीज साधारण १५.३ टक्के स्वयंरोजगार कर भरावा लागतो आणि अंदाजित कराचे हप्ते वर्षातून चार वेळा असतात, म्हणून मिळालेल्या पैशातून त्याची रक्कम लगेच बाजूला काढावी. स्वतः सभागृह भाड्याने घेऊन वर्ग चालवत असाल, तर दायित्व विमा (वर्गात कुणाला इजा झाल्यास भरपाईसाठीचा विमा) घ्यावा आणि संगीत वाजविण्याचा परवाना कोणी काढायचा, हे सभागृहाशी बोलून नक्की करावे.

शरीराची काळजी हा या पेशातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. रबरी तळव्याचे बूट फ्लोअरला धरून ठेवतात, त्यामुळे वळताना पाऊल जागीच राहते आणि पीळ गुडघ्याला बसतो. म्हणून चामडी तळव्याचेच बूट वापरावेत आणि हे विद्यार्थ्यांनाही पहिल्याच दिवशी सांगावे. आवाजासाठी डोक्यावर लावायचा मायक्रोफोन घ्यावा. ओळीने तीन वर्ग असतील, तर नाच पूर्ण जोमाने एकदाच करून दाखवावा आणि बाकी वेळ पावले नुसती चालून शिकवावे.